फुगलेली बॅटरी घेऊन वऱ्हाडात

लोक प्रवासाला निघताना कॅमेरा घेतात तो नवे फोटो काढायला. मी या जानेवारीत वऱ्हाडात गेलो तो पंधरा वर्षांपूर्वी काढलेलं एक चित्रण बघायला, आणि सोबत नेलेला कॅमेरा साधा सुरूसुद्धा होत नव्हता. बॅग भरताना बायकोनं तो पाहिला आणि विचारलं, "हा भंगारात द्यायचा राहिला का?" मी उत्तर दिलं नाही. एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला घरात उत्तरं देण्याची सवय राहत नाही.

कॅमेरा दिवाळीची आवराआवर करताना कपाटात सापडला होता. खिशात मावेल एवढा डिजिटल, त्या काळी मोठ्या कौतुकानं घेतलेला. काडेपेटीएवढी त्याची बॅटरी आत फुगून अशी रुतली होती, की ती बाहेर काढायला मला अर्धा तास लागला. कॅमेरा हातात घेताच मला दिनकर आठवला.

दिनकर माझा मित्र. तोही शाळामास्तर, विज्ञानाचाच. मूळचा तेल्हाऱ्याचा, पुढे बदली होऊन अमरावतीत स्थिरावलेला. आमची ओळख नाशिकच्या एका प्रशिक्षणात झाली, महिनाभर एका खोलीत राहिलो, आणि मग तो मला "पुणेकर" आणि मी त्याला "दिन्या" म्हणत पंचवीस वर्षं एकमेकांच्या घरी जात राहिलो. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही दोघं चिखलदऱ्याला गेलो होतो. कुसुमवहिनी, म्हणजे त्याची बायको, येऊ शकल्या नव्हत्या, कारण त्यांच्या शाळेची तपासणी होती. म्हणून दिनकरनं कॅमेऱ्यासमोर उभं राहून वहिनीसाठी चार शब्द बोलून ठेवले होते. मी नेहमीच्या वेंधळेपणानं मेमरी कार्ड पुण्याच्या घरी विसरून गेलो होतो. त्यामुळे ते चित्रण कॅमेऱ्याच्या पोटातल्या जेमतेम जागेत उतरलं आणि तिथंच राहिलं.

सव्वा वर्षानं, उन्हाळ्यात दिनकर हृदयविकारानं गेला. शाळेत निकाल लावता लावता गेला. त्यानंतर तो कॅमेरा उघडायचा मला धीर होईना. "नंतर काढू" म्हणता म्हणता त्याची ती चमत्कारिक तोंडाची वायर घर बदलताना हरवली, बॅटरी फुगली आणि चौदा वर्षं गेली. आयुष्यभर मुलांना विद्युतघट शिकवणाऱ्याच्या घरातला घट असा कुजून गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? आधी बॅटरी मिळवली असती, चित्रण आहे का ते पाहिलं असतं, आणि मग वहिनींना कळवलं असतं. मी त्याच संध्याकाळी फोन लावला आणि सांगून मोकळा झालो.

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, "बोलते का जी त्याच्यात ते?"

"बोलतो. तुमच्याशीच बोललाय. काय बोलला ते मला आठवत नाही."

"भाऊजी, फोटो भिंतीवर आहे. पन आवाज आता मले आठवत नाई. चार-पाच वर्सापासून आठवून राहिली, येतच नाई." त्या काळी दिनकरकडे बटणांचा साधा फोन होता. त्याचा आवाज कुठंही साठवलेला नव्हता.

एवढं ऐकल्यावर परतीचा रस्ता बंद झाला. पुण्यातल्या दोन दुकानदारांनी "ही बॅटरी आता येतच नाही" म्हणून हात झटकले. शेवटी एक मी घरपोच मागवली. ती त्या खाचेत चपखल बसली, पण कॅमेऱ्यानं तिला ओळखच दिली नाही. हे वहिनींना कळवलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग इकडे घेऊन या. अकोल्याले मुनाफ आहे. तो मेलेल्या बॅटऱ्या उठवते."

अमरावती, राजापेठ

सकाळी राजापेठेत रिक्षातून उतरलो तेव्हा वहिनींच्या इमारतीचा जिना दिसत नव्हता. तळमजल्यावर शिकवणी वर्ग आहे आणि जिन्याच्या तोंडाशी पोरापोरींच्या स्कूटींची चळत लागलेली. बॅग डोक्यावर धरून, आरसे चुकवत मी दुसऱ्या मजल्यावर पोचलो. दारातच वहिनी. सहासष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, पाठ ताठ.

"आले का जी? कावून वाळले एवढे? पुन्याले जेवाले देत नाई का?"

आमच्या पुण्यात आधी "चहा घेणार का?" असं विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या सुरातच उत्तर दडलेलं असतं. इकडे आधी ताटली येते, प्रश्न नंतर. माझ्यापुढे गिला वडा आला, दह्यात बुडालेला, वरून तिखट-गोड चटणी. तो संपेपर्यंत दुसरा आला. दुपारी पाटवडीचा रस्सा. तो इतका जाळ होता, की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि वहिनी म्हणाल्या, "मुद्दाम फिका केला तुमच्यासाठी."

दिवसभर त्यांनी कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. संत्र्याच्या भावावर बोलल्या, वरच्या मजल्यावरच्या गळक्या टाकीवर बोलल्या, नागपूरच्या लेकीच्या बढतीवर बोलल्या. शेवटी संध्याकाळी मीच तो टेबलावर ठेवला, शेजारी कागदात गुंडाळलेली फुगीर बॅटरी. त्यांनी पदरानं कॅमेऱ्याची काच पुसली आणि परत खाली ठेवला. भिंतीवरच्या फोटोत दिनकर हसत होता. फोटोतला दिनकर जरा जास्तच सभ्य दिसतो, टायमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर टेबलावर बॅटरी नव्हती. शोधत गच्चीवर गेलो. तिथं जुन्या पातळावर मुगवड्या वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्या शेवटच्या रांगेत, वडीसारखीच नीट मांडलेली, माझी बॅटरी.

"वहिनी! हे काय?"

"थंडीनं आखडली असंन म्हटलं. जरा ऊन लागू द्या तिले."

मी ती उचलून सावलीत पळालो. फुगलेली बॅटरी तापली तर पेट घेते, हे मी त्यांना वर्गातल्या आवाजात सुनावलं. पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं. मले काय मालूम? वड्या, पापड, मानूस, सगळ्याइले ऊन मानवते." माझा राग तिथंच विरघळला आणि आम्ही अकोल्याची बस पकडायला निघालो.

अकोला

मूर्तिजापूरमार्गे रस्ताभर कापसाच्या गाड्या. उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना लटकलेला. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या आणि कॅमेऱ्याची पिशवी त्यांनी मला धरू दिली नाही.

मुनाफभाईंचं दुकान जुन्या बाजारात. दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहावं एवढं. भिंतभर लहान लहान खण, प्रत्येकावर कागद चिकटवलेला: घड्याळ, कानाचं यंत्र, खेळणी, टॉर्च. मुनाफभाई पन्नाशीचे, दाढी पांढरी होत आलेली, डोळ्याला भिंग. वहिनींना पाहताच ते उठून उभे राहिले आणि स्वतःची खुर्ची त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं झटकून दिली.

"बाई, तुमी कावून तकलीफ घेतली? मले बलावलं असतं, मी आलो असतो."

तेव्हा कळलं, की मुनाफभाई तेल्हाऱ्याच्या शाळेत दिनकरच्या हाताखाली शिकलेले. "सरांनी लिंबात तांब्याची तार अन् जस्ताची पट्टी खुपसली," ते मला सांगू लागले, "अन् काटा हलवून दाखवला. अख्खी शाळा लिंबू पाहून राहिली, मी काटा पाहून राहिलो. तवापासून हाच धंदा डोक्यात."

त्यांनी बॅटरी हातात घेतली. उन्हात ठेवली होती हे मी सांगितलं. त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि हसू आवरलं. मग रेतीनं भरलेली एक पाटी घेऊन ते दुकानाबाहेर बसले आणि पातळ पात्यानं बॅटरीचं कवच उकलायला लागले. हात इतका हळू, की पातं हलतंय का तेच कळेना. आत एक फुगलेली चकचकीत पिशवी आणि तिच्या टोकाशी नखाएवढी हिरवी पट्टी. पिशवी त्यांनी रेतीत पुरली. पट्टी तळहातावर घेतली.

"हे खरं डोकं आहे, साहेब. कॅमेरा ह्याले ओळखते. तुमी पुन्यात नवी मागवली, तिचं डोकं ह्या कॅमेऱ्याच्या ओळखीचं नव्हतं. मी डोकं हेच ठेवतो, पोट दुसरं लावतो."

मी एकतीस वर्षं शिकवलं, पण इतकं सोपं कधी सांगता आलं नाही.

"मग होईल म्हणता?"

मुनाफभाईंनी पट्टी भिंगाखाली धरली. तिच्या कडेला हिरवट गंज चढला होता. "पोट फुगलं तवा ह्याच्यावर पानी सुटलं. एक बार उठंन. दहा-पंधरा मिनिटं चालंन. दुसऱ्या बारची जबान मी देत नाई." आणि मग त्यांचा नेम सांगितला. नवं पोट लावलं, की ते बॅटरी तीनदा भरतात, तीनदा दिव्यावर रिकामी करतात, चौथ्यांदा भरून देतात. घाई चालत नाही. "परवा या."

"पण कॅमेऱ्यात घालून तपासणार ना?" मी विचारलं.

"ना. माझ्या मीटरवर तपासीन. कॅमेऱ्यात नाई घालत. त्याच्यात सर आहेत. घरच्या मानसाच्या आधी मी कसा पाहू?" हा त्यांचा दुसरा नेम. दुरुस्तीला आलेल्या कोणत्याही यंत्रातला फोटो ते घरच्यांच्या आधी पाहत नाहीत. मला वाटलं होतं, की हा माणूस तपासून "आहे" किंवा "नाही" सांगेल आणि काय असेल ते आम्हाला दुकानाबाहेरच कळेल. ती सोय राहिली नाही. जे असेल ते वहिनींच्या डोळ्यांसमोरच उघडणार होतं.

चिखलदरा

मधला दिवस हाताशी होता. वहिनी म्हणाल्या, "चला, जिथी ते बोलले ती जागा दाखवा मले." परतवाड्यापासून गाडी घाट चढायला लागली आणि थंडी अंगाला झोंबू लागली. विदर्भ म्हणजे भट्टी, अशी आम्हा पुणेकरांची पक्की समजूत. मी पंधरा वर्षांपूर्वी इथं नुसत्या सदऱ्यावर आलो होतो. यंदा मफलर, कानटोपी, सगळा जामानिमा होता. वहिनींनी एकच शाल घेतली होती आणि त्या मला पाहून मधूनमधून हसत होत्या.

चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे पुण्यात कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. म्हणून मी टपरीवर मोठ्या हौसेनं दोन कॉफी सांगितल्या. टपरीवालीनं पुडी फोडली, गरम दुधात ओतली आणि पुढे केली.

"इथली कॉफी नाही का?"

"हाय ना जी. पन ते दळा, उकळा, गाळा, येळ कोनाले आहे?"

वहिनींना ते उत्तर फार आवडलं. पुडीतली कॉफी पीत आम्ही दरीच्या कठड्याशी गेलो. खाली धुकं, त्यातून वर आलेले सागाचे शेंडे, आणि पलीकडे डोंगरांच्या निळ्या ओळी एकामागे एक. वारा असा, की बोललेलं तोंडातून पळवून नेत होता.

"कोठी उभे होते?"

खरं सांगायचं, तर मला नक्की आठवत नव्हतं. कठडे नवे झालेत, पायवाटा बदलल्यात. पण त्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी एका वाकड्या झाडाजवळची जागा दाखवली. त्या तिथं जाऊन उभ्या राहिल्या, मी जिथून चित्रण केलं असेल त्या दिशेला तोंड करून. बराच वेळ उभ्या होत्या. तेवढ्यात एका वानरानं त्यांच्या पिशवीतली दोन संत्री लांबवली, तरी त्या हलल्या नाहीत. कॅमेऱ्याची पिशवी मात्र त्यांनी छातीशी धरली होती.

"काय म्हनले असतीन?" गाडीकडे येताना त्यांनी विचारलं.

"तुमची आठवण काढली असेल."

"ते काई आठवन काढनारे नवते. हे सामान ठेवलं का, ते कुलूप लावलं का, हेच असंन." मग थोडं थांबून म्हणाल्या, "नुसतं माझं नाव घेतलं असंन तरी पुरे. त्यायच्या तोंडून ते नाव कसं वाजे, तेवढं ऐकाचं आहे."

मला तेव्हा फार भीती वाटली. समजा, त्या कॅमेऱ्यात काही नसलंच तर? समजा, मी ते चित्रण तेव्हाच पुसलं असेल तर? एका बाईला मी फोनवरून आशा लावली होती आणि ती खरी करणं आता एका गंजलेल्या पट्टीच्या हातात होतं. परतीच्या घाटात मी डोळे मिटून बसलो. वहिनींना वाटलं मला गाडी लागली, म्हणून त्यांनी मला आवळ्याची फोड दिली.

पुन्हा अकोला

मुनाफभाईंनी दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं होतं, म्हणजे गिऱ्हाईक मध्ये यायला नको. चहा आधीच सांगून ठेवला होता आणि तो प्यायल्याशिवाय ते काही दाखवायला तयार नव्हते. बॅटरी टेबलावर रुमालावर ठेवलेली. नवं पोट जुन्या कवचात मावलं नव्हतं, म्हणून भोवती पिवळी चिकटपट्टी.

आता प्रश्न असा होता: आधी काय करायचं? मी येताना एक जुनं कार्ड आणलं होतं. कॅमेऱ्याच्या पोटातलं त्या कार्डावर उतरवून घेता येतं, फक्त बॅटरीत दम हवा. माझं म्हणणं, आधी उतरवून घेऊ, मग घरी निवांत पाहू.

वहिनी म्हणाल्या, "उतरवता उतरवता बंद पडलं तर?"

"आणि पाहता पाहता बंद पडलं तर?"

दोघांचंही खरं होतं. मुनाफभाई म्हणाले, "ज्यांचं मानूस, त्यांची मर्जी." आणि त्यांनी तोड काढली. आपला मोबाइल त्यांनी एका स्टँडवर लावला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर रोखून. चित्रण सुरू झालं, की त्याचंही चित्रण होईल. "फक्त कोनी बोलू नका. आवाज साफ आला पायजे."

मी बॅटरी सरकवली. बटण दाबलं. एक क्षण काही नाही, आणि मग कुरकुर करत भिंग बाहेर आलं. त्या शहाण्या यंत्रानं पहिली गोष्ट काय विचारावी? तारीख आणि वेळ. मी चष्मा शोधू लागलो, वर्ष लावू लागलो.

"भाऊजी, कोन्तीबी टाका! त्याले कुठं लग्नाले जायाचं आहे?"

मी जे होतं ते तसंच मान्य केलं. फोटो आले. दरी, दरी, माझा अंगठा, पुन्हा दरी. आणि मग एक चौकट, तिच्या कोपऱ्यात चित्रणाची खूण. चौकटीत दिनकर. मुनाफभाईंनी मोबाइल सुरू केला आणि ओठांवर बोट ठेवलं. मी बटण दाबलं.

वाऱ्याचा घोंघाट. त्यातून दिनकर हसला, हात काखेत खुपसून, नुसत्या शर्टावर कुडकुडत.

"कुसुम! ऐकून राहिली का वं?"

"हो जी, ऐकून राहिली," वहिनी म्हणाल्या. मोठ्यानं, स्वयंपाकघरातून ओ द्यावी तशा. मुनाफभाईंनी हात हलवून त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. पण त्या दुकानात नव्हत्याच.

"हे पाय, हे कॉफीचं झाड. तू म्हने, कॉफी डब्यातच पिकते."

"अन् स्वेटर?" वहिनी पडद्यावर झुकल्या. "एवढ्या थंडीत स्वेटर कोठी आहे तुमचं?"

"पुढच्या येळी तुले आनतो, अं? अन् स्वेटरचं आता इचारू नको, ते असं झालं का—"

आणि मग माझा आवाज. तरणा, करडा, कॅमेऱ्यामागून आलेला: "दिन्या, पुरे! बॅटरी जाईल."

चित्रण तिथंच तुटलं. वीस सेकंदंही नव्हती. माझा स्वतःचा आवाज मला इतका नकोसा कधीच वाटला नव्हता. तो माणूस बायकोला काहीतरी सांगत होता आणि मी त्याला बॅटरीसाठी थांबवलं होतं. मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. मुनाफभाई डोळ्यावरचं भिंग पुसत होते, जे स्वच्छच होतं.

वहिनींनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "स्वेटरचं काय सांगत होते?"

"कुठला स्वेटर?" मी विचारलं.

"हिरवा. मी दोन थंड्या बसून इनलेला. त्या दौऱ्याहून ते बिनस्वेटरचे आले. म्हनाले, बसमधी इसरलो. मी चार दिवस बोलली नाई त्यायच्याशी, भाऊजी. त्याच्यावर पुन्हा सुया हाती नाई घेतल्या. ते बिचारे म्हनत राहिले, एक इन ना. अन् थंडी त्यायच्या वाट्याले एकच आली त्याच्यानंतर."

आणि मला सगळं आठवलं, अगदी वाऱ्यासकट. त्या सकाळी थंडीनं माझी बॅटरी आखडली होती. पडद्यावर लाल खूण. ऊब दिली तर ती थोडी चालेल, हे मीच दिनकरला सांगितलं, शास्त्र म्हणून. त्यानं एका शब्दानं न विचारता अंगातला हिरवा स्वेटर काढला, कॅमेरा त्यात गुंडाळला आणि पोटाशी धरून टपरीवर बसून राहिला. पंधरा-वीस मिनिटं. मग कॅमेरा जागा झाला. आम्ही हर्षानं धावलो, आणि स्वेटर कठड्यावर राहिला. परत आलो तेव्हा तो नव्हता. मी "अरेरे" म्हटलं. दिनकर म्हणाला होता, "कुसुमले मी सांगतो. तू मधात पडू नको."

हे सगळं मी त्या दुकानात सांगितलं. "वहिनी, तो बसमध्ये विसरला नव्हता. त्यानं तो माझ्या बॅटरीसाठी काढला होता."

"मंग मले खोटं कावून सांगितलं?"

"तुम्ही मला पुन्हा घरात घेतलं नसतं म्हणून."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "नसतंच घेतलं," त्या म्हणाल्या, आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं.

बॅटरीची खूण लाल झाली होती. मी घाईनं कार्ड घातलं आणि उतरवायची आज्ञा दिली. पडद्यावर काम किती झालं ते दाखवणारी रेघ अर्धी भरली, थांबली, आणि कॅमेरा विझला. भिंग अर्धवट बाहेर राहिलं. मुनाफभाईंनी बॅटरी काढून चार्जरला लावली, तारा हलवल्या, ती हिरवी पट्टी भिंगाखाली धरली. कितीतरी वेळ ते वाकून होते. मग सरळ झाले आणि मान हलवली. "गेली. मी म्हटलं होतं ना, एकच बार."

म्हणजे आता जे होतं ते मुनाफभाईंच्या मोबाइलमध्ये. त्यांनी ते लावलं. दिनकर विचारत होता, ऐकून राहिली का. वहिनी हो म्हणत होत्या. तो झाड दाखवत होता, त्या स्वेटर विचारत होत्या. तो म्हणत होता, स्वेटरचं इचारू नको. शेवटी मी दोघांना दटावत होतो. मुनाफभाईंचा चेहरा पडला. गुरुजींचा आवाज साफ मिळावा म्हणून त्यांनी अर्धं शटर लावलं होतं, रस्त्यावरच्या फळवाल्याला हात जोडून गप्प केलं होतं.

"बाई, तुमचा आवाज मधात आला. पन फिकर करू नका. माझ्या ओळखीचा एक जन आहे, तो कॉम्प्युटरवर तुमचा आवाज काढून टाकते. निव्वळ सरांचा ठेवते."

वहिनींनी मोबाइल त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पदराखाली धरला.

"खबरदार," त्या म्हणाल्या. "चौदा वर्सानं भांडलो आमी. हात लावू नको त्याले."